न्यूट्रोफिल स्वतःच्याच डिफेन्सिनने का मरत नाही? बारावीच्या मुलाचा प्रश्न

बायोवाली_मॅडम

नमस्कार मंडळी. मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते, विदर्भात. सध्या बारावीचा इम्युनिटीचा धडा चालू आहे. अश्रूंत लायसोझाइम असतं, पोटात अ‍ॅसिड असतं, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी जंतू गिळतात, हे सगळं नेहमीसारखं झालं. मग मी पुस्तकाच्या थोडं पुढे गेले आणि सांगितलं की न्यूट्रोफिलच्या आत डिफेन्सिन नावाची छोटी छोटी प्रोटीन्स ठासून भरलेली असतात, ती जंतूच्या मेंब्रेनला भोकं पाडतात आणि जंतू मरतो. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, मॅडम मेंब्रेन तर न्यूट्रोफिललापण असते ना, मग त्याला का भोक पडत नाही?

मला प्रश्न खूपच आवडला. त्याला म्हटलं नीट वाचून सांगते, कारण काहीतरी ठोकून देऊन त्याला गप्प बसवायचं नाहीये मला. वाचायला घेतलं तर शंका वाढतच गेल्या. एकीकडे सगळीकडे लिहिलंय की न्यूट्रोफिल ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली रसायनं बनवून जंतू मारतो, मग वर ही प्रोटीन्स कशाला? आणि एका ठिकाणी वाचलं की हीच प्रोटीन्स दुसऱ्या पेशींना बोलावतात, त्यांचं वागणं बदलतात. म्हणजे ही मारणारी आहेत की निरोप देणारी? ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा वेळ काढून लिहा ना. मुलांना कळेल अशा भाषेत हवंय, पण सोपं करायच्या नादात चुकीचं नको.

स्मीर_वाचणारा

मॅडम, त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. मी पॅथॉलॉजीवाला, रोज रक्ताचे स्मीर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेले रक्ताचे थेंब, बघतो, आणि हा प्रश्न एमडीच्या मुलांनीसुद्धा क्वचितच विचारलेला बघितलाय.

पहिली गोष्ट चार्जची. डिफेन्सिनमध्ये आर्जिनिन भरपूर असतं त्यामुळे त्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो. बॅक्टेरियाच्या मेंब्रेनमध्ये फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल आणि कार्डिओलिपिन ही निगेटिव्ह चार्जची लिपिड्स, ग्रॅम निगेटिव्ह (बाहेरून आणखी एक मेंब्रेन असलेला गट) असेल तर बाहेरून एलपीएस नावाच्या साखर-चरबीच्या रेणूंचा निगेटिव्ह थर, ग्रॅम पॉझिटिव्ह (जाड भिंतीचा गट) असेल तर टायकोइक अ‍ॅसिड, तेही निगेटिव्ह. म्हणजे बॅक्टेरिया कुठल्याही जातीचा असो, बाहेरून तो निगेटिव्हच असतो आणि ही प्रोटीन्स त्याच्याकडे ओढली जातात. आपल्या पेशीचं उलट. आपल्या मेंब्रेनच्या बाहेरच्या पदरात फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन असतं, त्यांचा एकूण चार्ज शून्य. आपल्याकडेही निगेटिव्ह लिपिड आहे, फॉस्फॅटिडिलसेरिन, पण निरोगी पेशी ते आतल्या पदरात ठेवते, बाहेर येऊ देत नाही. शिवाय आपल्या मेंब्रेनमध्ये कोलेस्टेरॉल असतं, त्याने ती घट्ट होते आणि असल्या पेप्टाइडला आत घुसायला जड जातं. बहुतेक बॅक्टेरियात कोलेस्टेरॉल नसतं.

पण इथेच थांबलात तर उत्तर अर्धं राहील, कारण हा फरक शंभर टक्के नाही. डोस वाढवला की हीच प्रोटीन्स आपल्या पेशींनाही मारतात, लॅबमध्ये ते सहज दिसतं. म्हणून खरं संरक्षण आहे ते साठवणुकीत.

तुमच्या कॉलेजला चांगला मायक्रोस्कोप आणि ऑइल इमर्शन लेन्स असेल तर लिशमन स्टेन केलेला स्मीर मुलांना दाखवाच. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं, जांभळं, आणि भोवतीच्या फिकट गुलाबी भागात अगदी बारीक धुळीसारखे ठिपके दिसतात. तेच ग्रॅन्यूल, म्हणजे प्रोटीन भरलेल्या पिशव्या. बोन मॅरोच्या स्मीरमध्ये याच पेशीची लहानपणची अवस्था दिसते, प्रोमायलोसाइट, तिच्यात मोठे लालसर जांभळे दाणे असतात, त्यांना अझुरोफिल ग्रॅन्यूल म्हणतात. डिफेन्सिन तयार होतं ते तिथे, मॅरोमध्ये. पेशी पिकून रक्तात येईपर्यंत ते बनवणं बंद झालेलं असतं, ती भरलेला माल घेऊनच निघते. माणसाच्या अझुरोफिल ग्रॅन्यूलमधल्या प्रोटीनपैकी ३० ते ५० टक्के एकटं डिफेन्सिन असतं. आणि बनताना ते आहे तसं बनत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला एक निगेटिव्ह चार्जचा तुकडा जोडलेला असतो, त्याने पॉझिटिव्ह चार्ज मारला जातो, म्हणजे बनत असताना ते निरुपद्रवी. तुकडा कापला जातो ग्रॅन्यूलकडे जाण्याच्या वाटेवर, आणि मोकळं झालेलं डिफेन्सिन मेंब्रेनच्या पिशवीत बंद राहतं. जंतू गिळला की ती पिशवी जंतूच्या कप्प्याला, म्हणजे फॅगोसोमला जाऊन चिकटते आणि माल थेट जंतूच्या अंगावर ओतला जातो. पेशीच्या बाकीच्या भागाला हात लागत नाही.

उत्तरेकडची_कावेरी

मी मूळची साताऱ्याची, आता डेन्मार्कमध्ये न्यूट्रोफिलवरच काम करते त्यामुळे राहवलं नाही. वरचं सगळं बरोबर आहे, त्यात थोडी भर.

हे ग्रॅन्यूल एकाच प्रकारचे नसतात. मॅरोमध्ये पेशी वाढताना आधी अझुरोफिल बनतात, नंतर स्पेसिफिक, नंतर जिलेटिनेज ग्रॅन्यूल. इथे कोपनहेगनला नील्स बोरेगार्ड म्हणून होते, त्यांनी आयुष्यभर यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की कुठलं प्रोटीन कुठल्या ग्रॅन्यूलमध्ये जाईल हे बहुतेक वेळा त्याच्यावर काही पत्ता लिहिलेला असतो म्हणून ठरत नाही, ते कधी बनलं यावरून ठरतं. त्या वेळी जो ग्रॅन्यूल तयार होत असेल त्यात ते जातं. मला स्वतःला हा अख्ख्या विषयातला सगळ्यात देखणा विचार वाटतो.

आणि याचा थेट संबंध त्या मुलाच्या प्रश्नाशी आहे. डिफेन्सिनसारखंच जंतू मारणाऱ्या प्रोटीन्सचं दुसरं घराणं म्हणजे कॅथेलिसिडिन, माणसात त्यातलं एकच प्रोटीन आहे. त्याचं साठवणीतलं रूप एचकॅप १८, ते स्पेसिफिक ग्रॅन्यूलमध्ये असतं आणि त्या रूपात जंतूंना मारत नाही. ते कापणारं एन्झाइम प्रोटीनेज ३, ते अझुरोफिलमध्ये. दोन्ही एकाच पेशीत, पण वेगवेगळ्या पिशव्यांत. दोन्ही पिशव्या बाहेर रिकाम्या झाल्या, माल एकत्र आला की मगच ३७ अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा सुटतो, एलएल-३७, आणि तो जंतूंवर चालतो. घरात अ‍ॅरल्डाइटच्या दोन ट्यूब असतात ना, दोन्ही पिळून एकत्र केल्याशिवाय काही चिकटत नाही, मुलांना हे सांगा, लगेच कळेल.

आता ऑक्सिजन की प्रोटीन. मॅडम, हे "किंवा" मुळातच नाही, दोन्ही एकाच कप्प्यात एकाच वेळी चालतं. पुवाला जो हिरवट रंग असतो तो मायलोपेरॉक्सिडेजचा, आणि ते काय आहे तर अझुरोफिल ग्रॅन्यूलमधलं प्रोटीन, जे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड वापरून हायपोक्लोरस अ‍ॅसिड बनवतं. म्हणजे ऑक्सिजनवाला मार्गसुद्धा ग्रॅन्यूलमधल्या प्रोटीनवर टेकलेला. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणून जन्मजात आजार आहे, त्यात सुपरऑक्साइड बनवणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज बिघडलेलं असतं. डिफेन्सिन वगैरे सगळं जागच्या जागी असतं तरी त्या मुलांना स्टॅफ ऑरियस, अ‍ॅस्परजिलस (पहिला बॅक्टेरिया, दुसरी बुरशी) यांची इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतात. म्हणजे नुसत्या प्रोटीनवर भागत नाही. उलट बाजूची उदाहरणंही आहेत, ती इथल्या कुणी डेंटिस्टने सांगावीत, दात हिरड्यांचा संबंध आहे.

आणि एक, फॅगोसोममध्ये जागा अगदी इवलीशी असते, त्यामुळे तिथे या प्रोटीन्सचं प्रमाण प्रचंड होतं. रक्तात बाहेर आली की मीठ आणि सीरममधली प्रोटीन्स त्यांचा जोर कमी करतात. आपल्या इतर पेशी वाचतात त्याचं हेही एक मोठं कारण.

मारणारी की निरोप देणारी यावर रात्री लिहिते, तो भाग मोठा आहे.

शेतकरी_बीएस्सी

छान चाललंय. माझे दोन साधे प्रश्न. आमच्याकडे गाय व्यायली की चिकाचा खरवस करतात, आणि म्हणतात की चिकात प्रतिकारशक्ती असते, त्यात हीच प्रोटीन्स असतात का? आणि दुसरं, व्हिटॅमिन डीने ही प्रोटीन्स वाढतात असं वाचलं, मग टीबीवाल्यांना डी दिलं तर काम होईल ना? आमच्या भागात टीबी बराच आहे म्हणून विचारतोय.

छाती_ओपीडी

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, चेस्ट फिजिशियन आहे, हे रोजचंच आहे माझ्याकडे.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएच्या गटाने दाखवलं की माणसाच्या मॅक्रोफेजला टीबीच्या जंतूची चाहूल लागली, म्हणजे त्याच्यावरचा टीएलआर २ नावाचा रिसेप्टर जागा झाला, की तो मॅक्रोफेज दोन गोष्टी वाढवतो. एक व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर, आणि दुसरं म्हणजे रक्तातल्या साठवणीच्या डीला कामाच्या रूपात बदलणारं एन्झाइम. हे एन्झाइम आपण किडनीचं म्हणून शिकतो, पण मॅक्रोफेजकडे त्याचं स्वतःचं असतं. मग ते डी थेट कॅथेलिसिडिनचा जीन चालू करतं आणि मॅक्रोफेजच्या आत टीबीच्या जंतूला मारायला मदत होते. रक्तात डी कमी असलेल्या लोकांचं सीरम वापरलं तर कॅथेलिसिडिन कमी बनत होतं, डी घातल्यावर वाढलं. आणि हे उंदरात असं चालत नाही, त्यांच्या कॅथेलिसिडिनच्या जीनला डीचं हे बटणच नाही. त्यामुळे उंदरावरच्या प्रयोगांत हा धागा दिसणं शक्यच नव्हतं.

इतकं सुंदर विज्ञान, आणि मागे जुना इतिहासही उभा. नील्स फिन्सेनने त्वचेच्या टीबीवर प्रकाशाचे उपचार केले, त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. औषधं येण्याआधी सॅनेटोरियममध्ये पेशंटला उन्हात झोपवायचे, आपल्याकडे मिरजेलाही जुनं सॅनेटोरियम होतं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं की आता डीच्या गोळ्या द्या, झालं. मग ट्रायल झाल्या. मंगोलियात ८ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला डी दिलं, बहुतेक मुलांमध्ये डी मुळात कमीच होतं, आणि २०२० साली निकाल आला की टीबीचा संसर्ग होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आजार झालेल्यांना नेहमीच्या औषधांबरोबर डी दिलं त्या ट्रायलमध्येही एकंदरीत म्हणावा असा फायदा दिसला नाही.

मला हे मनापासून सांगावंसं वाटतं कारण लोक डीची मोठ्या डोसची इंजेक्शनं लागोपाठ घेऊन येतात, कॅल्शियम वाढून उलट्या, किडनीला त्रास, असं होऊन बसतं. टीबीत तर जास्त जपायला हवं. टीबीच्या गाठीतले मॅक्रोफेज स्वतःच कामाचं डी बनवत असतात आणि कधी कधी ते रक्तात उतरून कॅल्शियम वाढवतं. डी कमी असेल तर हाडांसाठी, डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या डोसमध्ये जरूर घ्या. टीबीला सहा महिन्यांचा किंवा डॉक्टर सांगतील तेवढा कोर्स पूर्ण करणं हेच औषध. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, मधे सोडू नका.

स्मीर_वाचणारा

चिकाचं मी सांगतो. हो, चिकात लॅक्टोफेरिन असतं, आणि तेच लॅक्टोफेरिन न्यूट्रोफिलच्या स्पेसिफिक ग्रॅन्यूलमध्येही असतं, एकच प्रोटीन दोन ठिकाणी. ते लोह धरून ठेवतं, जंतूला लोह मिळालं नाही की त्याची वाढ अडते. शिवाय ते ग्रॅम निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या थराला सैल करतं. पण खरवस वाफवला की त्यातल्या लॅक्टोफेरिनची घडी उष्णतेने मोडते, अँटीबॉडीचंही तेच. खरवस चवीसाठी खा, औषध म्हणून नको. वासराला चीक मात्र पहिल्या काही तासांत पाजायलाच हवा, त्याच्या अँटीबॉडी आईच्या पोटात असताना मिळत नाहीत, त्या चिकातूनच येतात. आणि माणसाच्या बाळाला आईचं पहिलं पिवळसर दूध पाजायलाच हवं, काही घरांत अजून ते पिळून टाकतात, कृपया तसं करू नका.

याच जातीचं आणखी एक प्रोटीन लोकांनी नकळत रिपोर्टवर वाचलेलं असतं. जुनाट जुलाब असले की शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट सांगतात ना, ते कॅलप्रोटेक्टिन म्हणजे न्यूट्रोफिलच्या सायटोसोलमधलं, म्हणजे पिशव्यांबाहेरच्या पेशीद्रवातलं प्रोटीन, तिथल्या एकूण प्रोटीनच्या जवळपास ४० टक्के. ते झिंक आणि मँगनीज धरून ठेवतं, जंतूला उपाशी मारतं. आतड्याला सूज असली की न्यूट्रोफिल तिथे जमतात आणि ते शौचात उतरतं. म्हणून आतड्याचा दाह आहे की नुसतं आयबीएस, म्हणजे दाह नसलेला पोटाचा त्रास, हे ओळखायला ते कामी येतं.

दातांची_डॉक्टर

कावेरीताईंनी हाक मारली म्हणून लिहिते. हिरड्यांचीच स्पेशालिटी आहे माझी.

पॅपिलॉन लेफेव्र सिंड्रोम म्हणून एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे. एक मूल मी बघितलेलं, शाळेत जायच्या वयाचं. तळहात तळपाय जाड, पिवळसर, भेगाळलेले, आई म्हणत होती त्वचेचे डॉक्टर झाले, मलमं झाली. तोंड उघडायला लावलं तर दुधाचे दात बोटाने हलत होते, हिरड्या लालभडक सुजलेल्या, एक्स-रेमध्ये दाताभोवतीचं हाड जवळपास गेलेलं. कीड एकाही दाताला नाही. पक्के दात आल्यावर त्यांचंही असंच होतं, विशीच्या आत बहुतेक दात जातात.

कारण काय, तर कॅथेप्सिन सी नावाच्या एन्झाइमचा जीन बिघडलेला. हे कॅथेप्सिन सी न्यूट्रोफिलच्या ग्रॅन्यूलमधली कापणारी एन्झाइम्स चालू करतं. ते नसलं की प्रोटीनेज ३ तयार होत नाही, आणि मग वर सांगितलं तसं एचकॅप १८ कापलं जात नाही, एलएल-३७ सुटत नाही. न्यूट्रोफिल संख्येने ठीक असतात, हिरडीपाशी येतातही, पण काम अडतं.

दुसरं उदाहरण स्वीडनमधलं. कोस्टमान नावाच्या डॉक्टरांनी १९५६ मध्ये सविस्तर मांडलेला आजार, त्यात न्यूट्रोफिल जवळजवळ नसतातच. पुढे जी-सीएसएफची, म्हणजे मॅरोला न्यूट्रोफिल बनवायला लावणाऱ्या प्रोटीनची, इंजेक्शनं आली, न्यूट्रोफिलची संख्या वर आली, मुलं जगायला लागली. पण हिरड्या मात्र खराब होतच राहिल्या. २००२ मध्ये तपासलं तर त्या न्यूट्रोफिलमध्ये ऑक्सिजनवाला स्फोट, म्हणजे सुपरऑक्साइड वगैरे बनवणं, चालू होता, पण एलएल-३७ नव्हतं आणि डिफेन्सिनही कमी होतं. म्हणजे संख्या आहे, ऑक्सिजन आहे, आणि तरी दात वाचत नाहीत. मॅडम, "वर ही प्रोटीन्स कशाला" याला मला तरी याच्याहून चांगलं उत्तर माहीत नाही.

उत्तरेकडची_कावेरी

डॉक्टर, तुम्ही फार नेमकं लिहिलंत. आता निरोपाचा भाग.

१९९९ मध्ये अमेरिकेत जूस्ट ऑपेनहाइम यांच्या गटाने दाखवलं की बीटा डिफेन्सिन, म्हणजे त्वचा आणि श्वासनलिकेच्या पेशी बनवतात ते डिफेन्सिन, हे कोवळ्या डेन्ड्रिटिक पेशींना (जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या) आणि मेमरी टी पेशींना (जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या) सीसीआर ६ या रिसेप्टरमधून बोलावून घेतं. पुढच्याच वर्षी एलएल-३७ चंही निघालं, ते दुसऱ्या रिसेप्टरवर बसून न्यूट्रोफिल, मोनोसाइट आणि टी पेशींना ओढतं. मला हे महत्त्वाचं वाटतं कारण आपण मुलांना इनेट (जन्मजात) आणि अडॅप्टिव्ह (शिकून येणारी) प्रतिकारशक्ती असे दोन वेगळे रकाने शिकवतो, आणि इथे जंतू मारणारं प्रोटीनच टी पेशींना निरोप धाडतंय. त्याच एलएल-३७ ची दुसरी बाजू अशी की ते जंतूच्या एलपीएसला धरून ठेवतं, त्यामुळे मॅक्रोफेज त्या एलपीएसवर कमी भडकतो. म्हणजे एकीकडे फौज बोलावणं आणि दुसरीकडे आग आवरणं, कुठे काय होईल ते किती प्रमाणात आहे आणि समोर कुठली पेशी आहे यावर.

आणि हे बिघडतं तेव्हा काय होतं तेही मुलांना सांगा, कारण त्यांनी घरात सोरायसिस बघितलेला असतो. आपल्या मेलेल्या पेशींचा डीएनए इकडे तिकडे सांडलेला असतो, रोगप्रतिकारक पेशी त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. सोरायसिसच्या चट्ट्यात एलएल-३७ खूप वाढलेलं असतं. ते पॉझिटिव्ह, डीएनए निगेटिव्ह, दोन्ही एकमेकांना चिकटून गोळा बनतो, तो प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशीत शिरतो, आतल्या टीएलआर ९ या डीएनए ओळखणाऱ्या रिसेप्टरला वाटतं व्हायरस आला, आणि इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रोटीन सुटतं. २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. बघा, ज्या चार्जमुळे ते बॅक्टेरिया ओळखतं त्याच चार्जमुळे ते आपल्याच डीएनएला चिकटतं. नंतर असंही निघालं की सोरायसिसच्या बऱ्याच पेशंटमध्ये टी पेशी खुद्द एलएल-३७ वरच उलटलेल्या असतात.

त्या मुलाच्या मूळ प्रश्नाला जोडून एक. टी पेशींमध्येसुद्धा हाच प्रश्न आहे. किलर टी पेशी परफोरिन सोडते, ते समोरच्या पेशीला भोक पाडतं, आणि त्या भोकातून ग्रॅन्युलायसिन आत जाऊन टीबीच्या जंतूलाच मारतं, हे १९९८ मध्ये दाखवलंय. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, मधे परफोरिन ओतलं जातं, मग किलर पेशी का वाचते? २०१९ मध्ये मेलबर्नच्या एका गटाने दाखवलं की त्या क्षणी किलर पेशीच्या त्या बाजूच्या मेंब्रेनमधली लिपिड्स खूप घट्ट रचलेली असतात, परफोरिनला शिरता येत नाही, आणि तिथे बाहेर आलेलं निगेटिव्ह फॉस्फॅटिडिलसेरिन परफोरिनला धरून निकामी करतं. थोडक्यात तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाने जे विचारलं त्याच्यावर २०१९ मध्येसुद्धा लोक काम करत होते, हे त्याला जरूर सांगा.

स्मीर_वाचणारा

कावेरीताई, एक राहिलं, जंतूही गप्प बसत नाहीत. स्टॅफ ऑरियसकडे एमपीआरएफ नावाचं प्रोटीन आहे, ते त्याच्या मेंब्रेनमधल्या निगेटिव्ह लिपिडला लायसिन जोडतं, म्हणजे चार्ज कमी होतो आणि डिफेन्सिन चिकटत नाही. टायकोइक अ‍ॅसिडवर तो अ‍ॅलानिन चढवतो, तेही त्याचसाठी. आणि त्याच्या भिंतीत असा एक बदल असतो की आपलं लायसोझाइम तिला कापू शकत नाही. फोडांमध्ये स्टॅफच सगळ्यात जास्त का दिसतो याचं थोडं उत्तर यात आहे.

आणि मुलांना अभिमान वाटेल अशी एक गोष्ट. जगभरातल्या असल्या पेप्टाइडची माहिती एकत्र ठेवणारा कॅम्प नावाचा डेटाबेस मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या संस्थेत बनलाय, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्याही आल्या. नेटवर फुकट बघता येतो. एखादं पेप्टाइड उघडून त्यातले आर्जिनिन आणि लायसिन मोजायला लावा त्यांना, पॉझिटिव्ह चार्ज हातानेच काढता येईल.

बायोवाली_मॅडम

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आज वर्गात चार्ज आणि अ‍ॅरल्डाइट दोन्ही सांगितलं, त्या मुलाने लगेच पुढचं विचारलं, मग जंतू स्वतःचा चार्ज बदलू शकत नाही का, तेव्हा स्टॅफचं सांगितलं. पेप्टाइड मोजायचं शुक्रवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये घेणार आहे.

आता एकच. नुसतं ऐकून मुलांचं समाधान होत नाही, डोळ्यांनी दिसेल असं एखादं प्रॅक्टिकल सांगा ना. आमच्याच आवारात सीनियर कॉलेजचं मायक्रोबायॉलॉजी डिपार्टमेंट आहे, कलरीमीटर आहे, पण बजेट काही नाही.

स्मीर_वाचणारा

मॅडम, अंड्याचं लायसोझाइम घ्या. १९२२ मध्ये फ्लेमिंगने लायसोझाइम जगापुढे आणलं ते सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या शेंबडातून, आणि अंड्याच्या पांढऱ्यात ते भरपूर असतं हेही त्यानेच बघितलं. न्यूट्रोफिलच्या ग्रॅन्यूलमध्येही लायसोझाइमच असतं, त्यामुळे धड्याशी संबंध थेट आहे.

डिपार्टमेंटकडून मायक्रोकोकस ल्यूटियसचं कल्चर मागा, पिवळ्या कॉलनीवाला, लॅबमध्ये बहुतेक असतोच. हाताळणी तिथल्या सरांच्या देखरेखीखालीच करा. रात्रभर वाढवलेलं कल्चर सेंट्रिफ्यूज करून पेशी धुवा आणि साधारण साडेसहा पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये मिसळा, दुधाळ पाण्यासारखं दिसलं पाहिजे. कलरीमीटरला निळा फिल्टर लावा, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि सुरुवातीचं रीडिंग ०.६-०.७ च्या जवळ आणा. अंड्याचा पांढरा भाग त्याच बफरमध्ये शंभरपट पातळ करून फडक्यातून गाळून घ्या आणि त्याचे काही थेंब टाका. दर अर्ध्या मिनिटाला रीडिंग घ्यायला लावा, थोड्या मिनिटांत गढूळपणा कमी होत जातो, नुसत्या डोळ्यांनाही कळतं. फार पटकन झालं तर अंडं आणखी पातळ करा. नुसता बफर टाकलेली एक ट्यूब शेजारी ठेवा, ती गढूळच राहील.

आणि तिसरी ट्यूब ई. कोलायची ठेवा, लॅबमधल्या निरुपद्रवी स्ट्रेनची. ती तशीच गढूळ राहते, कारण ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या थरामुळे लायसोझाइम भिंतीपर्यंत पोचतच नाही. मग चौथ्या ट्यूबमध्ये ई. कोलायबरोबर थोडं ईडीटीए घाला, ते कॅल्शियम मॅग्नेशियम काढून घेऊन तो थर सैल करतं, आणि आता लायसोझाइम टाकल्यावर रीडिंग खाली यायला लागतं. यासाठी फॉस्फेटऐवजी आठ पीएचचा ट्रिस बफर जास्त चांगला. ईडीटीए टाकलेली पण लायसोझाइम नसलेली ट्यूबही ठेवा, नाहीतर तुमचा तो मागच्या बाकावरचा मुलगा विचारेल की हे नुसत्या ईडीटीएने झालं नाही कशावरून.